धाकट्याच्या वाट्याचा पंखा

खोली दाखवण्याआधी आबांनी मला माझं वजन विचारलं.

मी जळगावात नवी होते. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते आणि मेहरूण तलावाच्या बाजूला खोली शोधत फिरत होते. आधीच्या दोन घरांत मी आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती. आडनाव सांगितल्याबरोबर ती कालच कुणीतरी घेतलेली निघाली. त्यामुळे या तिसऱ्या घरी शिरताना मी जिभेवर दोन-चार तिखट उत्तरं तयारच ठेवली होती. ओसरीवर एक उंच, वाळकुडा म्हातारा बसला होता. मांडीवर पितळेचं काहीतरी घेऊन तो कानशीने घासत होता. खोली आहे का विचारलं, तर वर न बघता म्हणाला, "वजन किती शे?"

"कशाचं?"

"तुमचं. सामानाचं घेऊन काय करू मी?"

माझी तयार ठेवलेली उत्तरं सगळी आडनावासाठी होती. वजनासाठी एकही नव्हतं. मी तणतणत पायरी उतरले तेवढ्यात आतून त्यांची बायको हात पुसत आली. सगळा मेहरूण त्यांना अक्का म्हणायचा. "अगं पोरी, थांब," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावेचं नाक पाण्यात वर उचललं जातं. पुढं बसायला कुणीतरी वजनदार लागतं. मी बसायची, पण आता माझे गुडघे नावेत चढू देत नाहीत."

अशी मला खोली मिळाली. माझं वजन आबांना पसंत पडलं. त्यांनी "चालेल" म्हटलं ते अशा सुरात, की मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीही मला कधी इतक्या मनापासून होकार दिला नव्हता. आडनाव त्यांनी पुढे कधीतरी विचारलं, आणि ते ऐकून दुसऱ्याच क्षणी विसरले.

आबांची डाळ मिल होती. पण मिल कशी चालली आहे असं त्यांना विचारलं तर ते "चालतेय" म्हणून गप्प बसत, आणि नाव कशी आहे विचारलं तर चहा गार होईपर्यंत बोलत. ती नाव म्हणजे कुणा धरणाच्या कामावरच्या साहेबाची सहलीची मोटरबोट. काम संपलं, साहेब गेला, बोट चिखलात पडून राहिली. तरुणपणी आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ अशा दोघांनी ती विकत घेतली आणि बैलगाडीवर घालून मेहरूणला आणली. त्यांचे वडील ती बघून म्हणाले होते, "आता तूर काय पाण्यात पेरणार का रे?" लाकडी, निळ्या रंगाची, चार-पाच माणसं बसतील एवढी नाव, आणि मागच्या फळीला टांगलेलं इंजिन. इंजिनाच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडणारा तीन पात्यांचा पंखा असतो. तो फिरतो म्हणून नाव पुढे जाते. हे मला आबांच्या घरात राहून कळलं. आणखीही पुष्कळ कळलं. त्यातल्या कशाचाही मला एक्सचेंजमध्ये काडीचा उपयोग झाला नाही.

गंमत अशी, की आबांकडे पंखे बरेच होते आणि त्यातला एकही त्या नावेचा नव्हता.

एक होता ॲल्युमिनियमचा. पंपाची चाकं ओतणाऱ्या एका कारखानदाराकडून आबांनी तो ओतून घेतला होता. त्याची पाती फार सपाट. इंजिन बोंबलायचं आणि नाव जागची हलायची नाही. त्याला आबा 'मामा' म्हणत. "लग्नात आमचे मामा असेच. आवाज सगळ्या मांडवात, आणि कामाच्या वेळी माणूस सापडत नाही." दुसरा मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला, पाती भलतीच वळलेली. तो लावला की इंजिनाला धाप लागायची. त्याचं नाव 'आत्याबाई', कारण तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. आणि तिसरा हा पितळेचा, माझ्या पहिल्या भेटीत मांडीवर असलेला, अतोनात जड. तो 'जावई'. मागे बसून राहणार आणि पुढचं बाकीच्यांनी सांभाळायचं. जावई लावलेला असला की नावेचं नाक वर जायचं आणि ते खाली दाबायला मी.

रविवारी सकाळी आम्ही तिघं तलावावर जायचो. आबा पुढे, खांद्यावर पंख्यांची पिशवी. मागून डबा घेऊन अक्का. सगळ्यांत मागे मी, ओळखीचं कुणी दिसू नये अशी प्रार्थना करत. काठावर सतरंजी अंथरायची आणि आबांनी पंखा बदलायचा. आदल्या रविवारी मामा असेल तर आज जावई, पुढच्या खेपेला आत्याबाई. तिन्ही पंखे वाईट आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी दर वेळी ते एखाद्या नव्या नवरीचं बघावं तसं कौतुकाने बघायचे.

पंखा बदलण्याची त्यांची रीत ठरलेली. आधी इंजिनाचा प्लग काढायचा. इंजिन बंद असलं तरी पंखा हाताने फिरवताना ते चुकून पेटलं तर बोटं जातात. काढलेला प्लग ते अक्कांच्या हातात देत. अक्का तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधत आणि काम संपेपर्यंत ती गाठ कुणी मागितली तरी सोडत नसत. "माझी बोटं हिच्या पदरात," असं आबा लोकांना सांगत आणि अक्का दर वेळी लाजत. मग पातं फिरू नये म्हणून त्याच्यावर लाकडाचा ठोकळा अडकवायचा. टोकाची पिन सरळ करून ओढायची, नट सोडायचा, आणि बाळंतिणीच्या कुशीतून मूल उचलावं तसा दोन्ही हातांनी पंखा ओढून काढायचा. मग पंखा ज्यावर बसतो तो दांडा पुसून बघायचा, ग्रीस लावायचं, नवा पंखा चढवायचा. काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही, ती फेकायची. इंजिनाच्या तळातलं तेल थोडं बोटावर घेऊन ते वास घ्यायचे. दुधासारखं पांढरट दिसलं तर दिवसभर अस्वस्थ, कारण मग आत पाणी शिरलेलं असतं.

गणपती विसर्जनानंतर आबा नाव बाहेर काढायचेच नाहीत. तलावात हारांचे दोरे तरंगत असायचे, ते पंख्यामागे दांड्याला गुंडाळले जातात आणि पाणी अडवणारं आतलं रबर कापतात. लोकांचा धीर सुटायचा, आबांचा नाही. एकदा एक हौशी पाहुणा बायकोला फेरी मारून आणतो म्हणून हट्टाने नाव घेऊन गेला, आणि मग आबा संध्याकाळपर्यंत काठावर बसून दांड्यावरून झेंडूच्या हारांचे दोरे चिमट्याने उकलत होते. "गणपतीचं आहे, सुरीने कापवत नाही," म्हणाले.

आणि मे महिन्यात, तलाव आटला की, त्यांचा खरा वेडेपणा सुरू होई. टोपी घालून ते तलावाच्या भेगाळलेल्या तळात उतरायचे आणि दगड वेचायचे. मोठे दगड पहारीने सुटे करून काठाला लोटायचे. गणपतीचे अर्धवट कुजलेले पाट सापडले तर डोक्याला लावून एका बाजूला रचायचे. येणारे-जाणारे हसत. मी एकदा म्हटलं, "आबा, आत्ता कशाला उन्हात? पावसाळ्यानंतर बघा ना कुठं दगड लागतो ते." त्यावर म्हणाले, "माय, पाणी असतं तेव्हा दगड दिसत नाही. आणि दगड दिसतो तेव्हा कुणाला नाव आठवत नाही. मग वेचायचा कुणी?"

तरी दगड राहायचेच. एका रविवारी तलावाच्या मध्यावर खट्कन आवाज झाला, इंजिन मोकळंच घरघरायला लागलं आणि नाव थांबली. मला वाटलं संपलं. आबा शांत. म्हणाले, पंख्याच्या पोटात मऊ पितळेची आणखी एक आडवी पिन असते. पंखा दगडावर आपटला की ती तुटते, पंखा सुटा होतो आणि इंजिनाच्या आतली चाकं वाचतात.

"मग लोखंडाची घट्ट पिन घाला की," मी चिडून म्हटलं. वल्हं माझ्या हातात आलं होतं.

"घालणारे घालतात. मग पिन शाबूत राहते आणि आतलं सगळं तुटतं. तिनं तुटायलाच पाहिजे." त्यांनी वल्हं माझ्या हातातून घेतलं. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "आमच्या घरात अशी पिन कुणी बसवलीच नव्हती."

घरी आल्यावर मी अक्कांना गाठलं. भाकरी थापता थापता त्यांनी सगळं सांगितलं.

धाकट्या भावाला सगळे नाना म्हणत. दोघा भावांचं एका ताटात जेवण. नाव दोघांची, रविवार दोघांचा. पंखा बदलायचा तर एकाने इंजिन धरायचं, दुसऱ्याने पंख्यात हात घालायचा. मग मिलच्या गोदामाच्या भिंतीवरून काहीतरी बिनसलं. काय, ते आता दोघांनाही धड सांगता येणार नाही, असं अक्का म्हणाल्या. पंच बसले, वाटण्या झाल्या. मिल थोरल्याला, धुळ्याचं तेलाचं दुकान धाकट्याला. ताटं, वाट्या, बैल, सगळं सरळ पार पडलं आणि गाडं नावेपाशी अडलं. विकून टाका, असं पंच म्हणाले. विकायला दोघंही तयार होईनात. शेवटी नाना उठून उभे राहिले आणि थोरल्या भावाकडे न बघता पंचांना म्हणाले, "नाव त्यास्ले ऱ्हाऊ द्या. माले तिना पंखा द्या. मग दखू कशी चालस ती."

पंच हसले. आबा हसले नाहीत. "प्लग धर," एवढंच अक्कांना म्हणाले. तलावावर जाऊन त्यांनी स्वतः पंखा काढला, पुसला, ग्रीस लावलं, आपल्या धुतलेल्या धोतरात गुंडाळला आणि नानांच्या हातात दिला. म्हणाले, "ग्रीस लावत जाय." त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच मांडवात गेले, एकाच मयतीला खांदा दिला, पण बोलले नाहीत.

"मग मुंबईहून तसाच नवा पंखा का मागवत नाहीत?" मी विचारलं. "ही मामा-आत्याबाईची वरात कशाला?"

"मिळतो गं. त्यांना दुकानसुद्धा ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "पण बरोबर मापाचा नवा बसवला, की धाकट्याकडचा पंखा भंगार झाला. मग त्याला इकडं यायला कारण काय उरलं?"

भाकरी तव्यावर करपत होती. आम्हा दोघींनाही ती उलटायचं भान नव्हतं.

माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. सुटी मिळाली की मी एसटीने जायची. एकदा पायऱ्या उतरत असताना आबांनी उगीच घसा खाकरला. "नानाचं दुकान तुमच्या वाटेवरच आहे," म्हणाले. ते माझ्या वाटेवर मुळीच नव्हतं, धुळ्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. "सहज गेलात तर बघा, पंखा हिरवा पडलाय का. पितळ आहे. ठेवून ठेवून हिरवं पडतं."

नाना बुटके, गोल आणि बोलके. थोरल्या भावाचं नाव काढल्याबरोबर त्यांचा चेहरा मिरची चावल्यासारखा झाला. "बुडाली की नाही ती नाव अजून?" त्यांनी विचारलं. मग मला घरात नेऊन लोखंडी कपाट उघडलं. लोकरीच्या कपड्यांच्या खणात, मऊ फडक्यात, तो पंखा होता. चिंचेने घासून असा लखलखीत ठेवलेला, की माझा चेहरा दिसला. पात्याची एक कड त्यांनी अंगठ्याने चाचपून दाखवली. "इथं खवली होती, दगड लागून खाच पडलेली. सांगा त्याला, बारीक कानशीनं घासून काढली. आणि विचारा, इंजिनाच्या तळातलं तेल बदललं का. बदलत नाही तो. आळशी आहे पहिल्यापासून."

मी निरोप सांगितला. आबांचा चेहरा असा उजळला की मला राग आला. "खवली घासली म्हणतो? किती घासली? जास्त घासली तर तोल जातो. विचारा, दोरीला टांगून तोल बघितला का."

अशी माझी नवी नोकरी सुरू झाली. दिवसा मी अनोळखी माणसांचे फोन एकमेकांना जोडून द्यायची आणि सुटीत या दोघांचे ग्रीसचे निरोप पोचवायची. तेल, रबर, तोल, पिन. दोघांपैकी एकानेही कधी दुसऱ्याची तब्येत विचारली नाही. नानांना साखर निघाली तेव्हा ते म्हणाले, "सांगा त्याला, पंखा पहिल्यासारखा उचलवत नाही." आबांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, "आबा, मी एक्सचेंजमध्ये बसते. आत्ता धुळ्याला ट्रंक कॉल लावून देते. काय ते थेट बोला."

"फोनवर पंखा दिसत नाही," आबा म्हणाले आणि कानशीला तेल लावू लागले.

मला त्यांचा संताप यायचा आणि मायाही यायची, दोन्ही एकाच वेळी. आज वाटतं, ते माझे सुखाचे दिवस होते. त्या ओसरीवरच्या ग्रीसच्या वासाने आजही माझा जीव गलबलतो; रस्त्यात एखाद्या गॅरेजवरून गेले की मी चालता चालता थांबते.

मग एका खेपेला नानांच्या घरी सामान बांधलेलं दिसलं. मुलाला सुरतेला नोकरी लागली होती. दुकान विकलं होतं, सगळे सुरतेला चालले होते. नानांनी कपाटातून पंखा काढला आणि माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा. तिथं दोन खोल्यांत काय करू त्याचं? भाऊला द्या. म्हणा, जिंकला तू."

मला इतका आनंद झाला होता. धुळे ते जळगाव एसटीत मी तो पंखा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "बाई, हे काय, लग्नातला आहेर का?" मी म्हटलं, "हो." पारोळ्यापर्यंत पाय बधिर झाले, तरी मी तो खाली ठेवला नाही.

आबांनी ओसरीवरच फडकं सोडलं. तिन्ही पात्यांवरून अंगठा फिरवला, मधल्या भोकात बोट घालून बघितलं. पंखा नवाकोरा वाटावा असा होता. मी वाट बघत होते की आता हसतील, अक्कांना हाक मारतील, पिशवी उचलून तलावावर निघतील. त्यांनी फडकं पुन्हा पहिल्यासारखं गुंडाळलं आणि पंखा माझ्यासमोर ठेवला.

"परत नेऊन दे."

माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण आवाज शेजारच्या दोन घरांत गेला असणार. इतकी वर्षं या पंख्यासाठी झुरलात, मी हा मांडीवर घेऊन आले, तुमच्या हट्टापायी अक्कांचं आयुष्य काठावर बसून गेलं, वगैरे सगळं. आबांनी ते ऐकून घेतलं. बाहेरच्या माणसाशी ते सहसा शहरातलं बोलायचे, त्या दिवशी ते सुटून घरची बोली आली.

"माले पंखा नही पायजे, माय. माले भाऊ पायजे. त्यानी पंखा सोडा, म्हणजे माले सोडं. त्याले सांग, हाऊ पंखा बसाडाले तूच ये."

मी रडत होते की अक्का, ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तोच पंखा घेऊन तीच एसटी पकडली.

नानांचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. मला पंख्यासकट बघून ते पायरीवरच बसले. "नको म्हणे?" मी आबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. रस्त्यावर, हमालांच्या देखत, त्या गोल चेहऱ्याच्या माणसाने उपरणं तोंडावर घेतलं. उपरण्याआडूनच ते मुलाला म्हणाले, "ट्रक जाऊ दे पुढं. मी रविवारनंतर येतो."

रविवारी आबा पहाटेपासून तलावावर. मामा, जावई, आत्याबाई, एकही पंखा त्यांनी बरोबर घेतला नव्हता. रिकाम्या दांड्याला ते परत परत पुसत होते. नाना रिक्षातून उतरले, काखेत फडक्याचं गाठोडं. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. कुठलं काय.

"भाऊ, मी उनू," नाना म्हणाले.

"उशीर व्हयना," आबा म्हणाले. तेवढंच.

नाना सरळ गुडघाभर पाण्यात उतरले. "प्लग कथा शे?"

"तुनी वहिनीना पदरमा."

अक्कांनी गाठ उचलून दाखवली. नानांनी तिच्याकडे बघितलं आणि पंख्यात हात घातला. आबांनी इंजिन धरून ठेवलं. दांड्याला किती ग्रीस लावायचं यावरून दोघांची जुंपली. नानांनी लावलेलं आबांनी बोटाने काढलं, आबांनी काढलेलं नानांनी पुन्हा लावलं. नटाचा शेवटचा आटा दोघांनी एकदमच पान्यावर हात ठेवून आवळला. मग पिन घातली, तिची टोकं वळवली. अक्का पदराची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना, इतक्या जोरात मारलेली.

त्या दिवशी अक्काही नावेत चढल्या. नानांनी एका बाजूने धरलं, आबांनी दुसऱ्या. इंजिन एका झटक्यात लागलं. मी सवयीने पुढे सरकले, तर आबा म्हणाले, "राहू दे, बस तिथंच." नाव पाण्यावर अंग टाकून सरळ निघाली. आवाज नाही, धाप नाही. मेहरूणचा तो काठ, ती झाडं, कपडे धुणाऱ्या बाया, सगळं मागे सरकत होतं आणि दोघं भाऊ शेजारी बसून समोर बघत होते. फेरीमागून फेरी झाली. कुणी थांबा म्हणालं नाही. शेवटी डबा नावेतच उघडला.

ऊन उतरल्यावर नाना जायला निघाले. तर आबांनी अक्कांकडे प्लग दिला आणि पुन्हा पंखा काढायला बसले. पुसला, ग्रीस लावलं, फडक्यात गुंडाळला आणि नानांच्या काखेत दिला.

"हाऊ तुना वाटा शे. लई जाय." म्हणजे, घेऊन जा.

"भाऊ, मी आते सुरतले चालनू ना."

"मग? सुरतहून गाडी येस ना अठे?"

नाना इतकं हसले की त्यांना खोकला लागला.

त्यानंतर नाना येत राहिले. सुरतेहून पॅसेंजरने, नंदुरबार, नरडाणा, अमळनेर करत, मांडीवर गाठोडं घेऊन. आले की पंखा बसायचा, गेले की पंखा जायचा. मधल्या काळात नाव काठाला नुसती उभी असायची. मामा, जावई आणि आत्याबाई आबांनी मोडीत देऊन टाकले. मी तिथून नाशिकला बदलून गेले तोपर्यंत त्यांनी त्या नावेला दुसरा पंखा लावलेला मी बघितला नाही.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी जळगावला गेले, तेव्हा घर शोधत गेले. अक्का एकट्याच होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं की नाना सुरतेलाच वारले. आबा त्यांच्या दिवसकार्याला तिकडे गेले होते. पुतण्याने कपाटातून पंखा काढून काकांसमोर ठेवला, घेऊन जा म्हणाला. आबांनी तो घासला, ग्रीस लावलं, फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा पुतण्याच्या कपाटात ठेवून रिकाम्या हाताने परत आले.

आबा तलावावरच सापडले. पाठीला पोक आलं होतं. नावेला निळा रंग नव्याने दिलेला, इंजिनही स्वच्छ, आणि खाली रिकामा दांडा. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "वजन उतरलं गं तुझं." मी त्यांच्याजवळ फळीवर बसले. फिरायला आलेलं एक कुटुंब काठावर थांबलं. मुलं नावेकडे बोट दाखवून हट्ट करत होती.

"आजोबा, एक फेरी मारून आणता का पोरांना?" मुलांच्या बापाने विचारलं. "की बंद आहे नाव?"

"बंद नही," आबा म्हणाले. "पंखा सुरतले शे. मना भाऊजोडे."

"मग मागवून घ्या ना तिथून."

आबांनी बोटावर ग्रीस घेतलं आणि दांड्याला लावायला वाकले.

"तो मी मागाडत नही, बेटा. तो नानाच लई येस."